घरी ब्लीच केल्यावर केस दरवेळी नारिंगीच राहतात? फिकट सोनेरीपर्यंत केस शाबूत ठेवून कसं पोहोचायचं

तक्रार जवळपास ठरलेली असते. ब्लीच कालवलं, लावलं, पाऊण तास ठेवलं, धुतलं आणि केस निघाले नारिंगी. त्यावर टोनर (नको ती छटा शमवणारा हलका रंग) लावला. काही दिवस बरं दिसलं, मग दोन-चार धुण्यांत टोनर उतरला आणि खालचा नारिंगी पुन्हा वर आला. पुढच्या खेपेला जास्त तीव्र डेव्हलपर (ब्लीच पावडर ज्यात कालवतात ते पेरॉक्साइडचं द्रावण) घेतला. केस थोडे उजळले, पण टोकं तुटायला लागली, मुळाशी पिवळाधमक पट्टा उठला आणि मधला भाग तसाच तांबूस राहिला. तिसऱ्या खेपेला पुन्हा हेच.

नारिंगी रंग म्हणजे अर्ध्यावर थांबलेलं काम. बहुतेक जण त्याला रंगाचा बिघाड समजतात आणि रंगानेच झाकायला जातात, तिथेच हे चक्र सुरू होतं. फिकट सोनेरी छटा टोनरमधून येत नाही, ती केसातलं रंगद्रव्य पुरेसं निघाल्यावर येते. टोनर फक्त शेवटचा हात फिरवतो. रंगद्रव्य पुरेसं काढायचं आणि केसही शाबूत ठेवायचे असतील, तर एका बैठकीत उरकण्याचा हट्ट सोडावा लागतो. काळ्या किंवा गडद तपकिरी केसांसाठी तर याला पर्यायच नाही.

नारिंगी येतो कुठून

केसाच्या गाभ्यात दोन प्रकारचं मेलॅनिन असतं. युमेलॅनिन काळा-तपकिरी रंग देतं, फिओमेलॅनिन तांबडा-पिवळा. ब्लीच पावडरमधली परसल्फेट्स आणि डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळून ही द्रव्यं मोडतात, पण दोन्ही सारख्या वेगाने मोडत नाहीत. युमेलॅनिन आधी जातं. फिओमेलॅनिन चिवट असतं, ते मागे रेंगाळतं. म्हणून गडद केस एकदम फिकट होत नाहीत. ते लाल, नारिंगी, पिवळा, फिकट पिवळा अशा पायऱ्या चढत जातात आणि मधली एकही पायरी गाळता येत नाही.

केसांचं काम करणारे या पायऱ्यांना लेव्हल म्हणतात. 1 म्हणजे काळा, 10 म्हणजे सगळ्यात फिकट सोनेरी. ब्लीच केल्यावर लेव्हल 4 च्या आसपास केस तांबडे दिसतात, 5 आणि 6 ला नारिंगी, 7 ला पिवळट नारिंगी, 8 ला स्वच्छ पिवळे, 9 ला फिकट पिवळे आणि 10 ला केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे. फिकट सोनेरी रंग हवा असेल तर टोनर लावण्याआधी केस निदान 9 ला पोहोचलेले हवेत. 7 वर थांबून टोनर लावला तर मधासारखा किंवा तपकिरी सोनेरी रंग मिळतो. तोही छान दिसतो, पण तुम्ही मागितलेला रंग तो नव्हे.

तेव्हा आधी दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, सुकलेल्या केसांची लेव्हल ठरवा. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच नारिंगी दिसतं, आणि ओले केस असतात त्यापेक्षा गडद दिसतात. या दोन कारणांनी घाबरून नको तेव्हा दुसऱ्यांदा ब्लीच लावलं जातं.

ब्लीचच्या आधी: केसांवर आजवर काय काय लागलंय

कधीही रंग न लावलेले केस आणि रंगवलेले केस यांची गणितं अगदी वेगळी असतात. तरी घरी ब्लीच करताना सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच. खांद्याखाली आलेल्या केसांची टोकं दोन-तीन वर्षं जुनी असतात, कारण केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. दोन वर्षांपूर्वी लावलेला काळा रंग तुम्ही विसरला असाल, पण टोकांमध्ये तो अजून आहे. ब्लीच तिथे अडतं, मुळाकडे सुसाट जातं, आणि मग पट्टे येतात.

आधी कायमस्वरूपी काळा किंवा तपकिरी रंग लावलेला असेल तर ब्लीचआधी कलर रिमूव्हरचा विचार करा. हे रिमूव्हर नैसर्गिक रंगद्रव्याला हात लावत नाहीत. ते कृत्रिम रंगाचे मोठे रेणू पुन्हा लहान करतात, म्हणजे ते धुऊन निघू शकतात. अट एकच: सूचनेत लिहिलंय तितका वेळ भरपूर पाण्याने धुवायचं. धुण्यात कंजूषी केली तर उरलेले रेणू हवेने पुन्हा जोडले जातात आणि केस परत काळवंडतात. "रिमूव्हर कामाचा नाही" असं म्हणणाऱ्या अनेकांचं धुणंच कमी पडलेलं असतं. आणखी एक, रंगवलेल्या केसांवर नुसता फिकट रंगाचा डबा लावून काही होत नाही. नवा रंग जुन्या रंगाला उजळवू शकत नाही.

मेंदीचं प्रकरण जास्त नाजूक आहे. शुद्ध मेंदीतलं लॉसोन केसातल्या केराटिनला घट्ट चिकटतं. ब्लीच त्याला पूर्ण काढू शकत नाही, केस हट्टी नारिंगी राहतात. मेंदीवर नीळ (केस काळे करणारी इंडिगोची पावडर) लावलेली असेल तर ब्लीचने हिरवट छटा येऊ शकते. आणि ज्या 'मेंदी' पाकिटांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात, ती तर धोक्याचीच. असे क्षार पेरॉक्साइडला भेटले की केस तापतात, वाफ येऊ शकते आणि केस जागच्या जागी तुटू शकतात. हळूहळू पांढरे केस काळे करणाऱ्या काही द्रावणांतही हे क्षार असतात. शंका असेल तर मानेजवळची एक छोटी बट कापा आणि काचेच्या वाटीत 20 व्हॉल्यूम (म्हणजे 6% पेरॉक्साइडच्या) डेव्हलपरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा. द्रावण तापलं, फसफसलं किंवा केसाचा रंग अचानक बदलला, तर घरी ब्लीच करायचं नाही. एवढी एक चाचणी न चुकता करा, असं मी कळकळीने सांगेन.

पाण्याचाही इतिहास असतो. जड पाण्यातलं तांबं आणि लोह केसात साचतं. तांबं पेरॉक्साइडची क्रिया भलतीकडे भडकवतं, त्यामुळे उजळणं असमान होतं आणि केसांचं नुकसान वाढतं. पोहणाऱ्यांच्या सोनेरी केसांना येणारी हिरवट झाकही मुख्यतः तांब्याचीच असते, क्लोरीनची नव्हे. ब्लीचच्या काही दिवस आधी ईडीटीएसारखा धातू धरून ठेवणारा घटक असलेल्या शाम्पूने केस एकदा-दोनदा धुतले तर बराच फरक पडतो.

आता त्वचेबद्दल. ब्लीच आणि टोनर दोन्हींची पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर थोडंसं लावून पाहण्याची चाचणी, 48 तास आधी करा. परसल्फेट्समुळे काहींना पुरळ उठतं आणि दमही लागू शकतो. वर्षानुवर्षं ब्लीच हाताळणाऱ्या केशकारांमध्ये दम्याचं हे एक ओळखलं गेलेलं कारण आहे. दमा असेल, डोक्यावर जखम, खरूज किंवा ताजं खाजवलेलं असेल, तर हा बेत पुढे ढकला. काम करताना खिडकी उघडी, हातात मोजे. भुवया आणि पापण्यांना ब्लीच कधीच लावायचं नाही.

डेव्हलपर: 20 पुरतो

10 व्हॉल्यूम म्हणजे 3% पेरॉक्साइड, 20 म्हणजे 6%, 30 म्हणजे 9%, 40 म्हणजे 12%. आकडा वाढला की केस जास्त उजळतील हे तर्काला पटतं, आणि तिथेच घात होतो.

घरी आपले हात सावकाश चालतात. मागचे केस दिसत नाहीत, भाग नीट पडत नाहीत, पूर्ण डोक्याला ब्लीच लावायला सहज अर्धा-पाऊण तास जातो. 40 व्हॉल्यूमचं मिश्रण इतक्या वेगाने काम करतं की शेवटची बट लावून होईपर्यंत पहिली बट नको तितकी पुढे गेलेली असते. 20 व्हॉल्यूम संथ आहे, म्हणून तो सावकाश हातांना सांभाळून घेतो. पहिल्या आणि शेवटच्या बटेतलं अंतर कमी राहतं. शिवाय जास्त तीव्र पेरॉक्साइड रंगद्रव्यासोबत केसाला बळकटी देणारे गंधकाचे बंधही झपाट्याने तोडतं आणि डोक्याची त्वचा भाजू शकते. बारीक, मऊ किंवा आधी एकदा ब्लीच झालेल्या केसांना 10 व्हॉल्यूमही चालतो, फक्त धीर हवा.

पावडर आणि डेव्हलपरचं प्रमाण पाकिटावर असेल तेच घ्या. भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं हवं, धातूचं नको. उरलेलं मिश्रण झाकण घट्ट लावून ठेवायचं नाही, कारण त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटू शकते. तसंही कालवून ठेवलेलं ब्लीच हळूहळू दुबळं होतं, म्हणून मुळांसाठी नंतर ताजं कालवणं केव्हाही चांगलं.

आधी एका बटेवर

सगळ्या डोक्याला ब्लीच लावण्याआधी मागच्या खालच्या थरातली एक बट घ्या. ब्लीच लावा, दर दहा मिनिटांनी ओल्या कागदाने पुसून पाहा. पुसल्याशिवाय पाहू नका. बऱ्याच पावडरी निळसर किंवा जांभळट असतात, त्यामुळे ब्लीचखाली केस खऱ्यापेक्षा फिकट वाटतात. किती वेळात नारिंगी झाली, किती वेळात पिवळी, हे लिहून ठेवा. मग धुऊन, सुकवून, पुन्हा ओली करून हलकेच ताणा. चांगला केस ओला असताना थोडा ताणला जातो आणि सोडल्यावर परत आपल्या लांबीवर येतो. ताणल्यावर लांबतच गेला, परत आलाच नाही किंवा लगेच तुटला, तर या केसांना आत्ता ब्लीच झेपणार नाही.

या एका बटेवरून कळतं की तुमचे केस एका बैठकीत कुठवर जातील. दिलेल्या वेळात ती लेव्हल 6 वरच थांबली, तर सगळं डोकंही तिथेच थांबणार. मग दोन किंवा तीन बैठकी धरून चालायचं आणि मध्ये निदान तीन-चार आठवडे जाऊ द्यायचे. मधल्या काळात नारिंगी केस मिरवायचे नसतील तर निळ्या पायाचा (म्हणजे मुळात निळी छटा असलेला) टोनर किंवा धुतल्यावर निघून जाणारा हलका तपकिरी रंग लावा. कायमस्वरूपी गडद रंग मात्र अजिबात नको, कारण पुढच्या बैठकीत तोच काढत बसावं लागेल.

लावताना

केस कोरडे हवेत आणि एक-दोन दिवस न धुतलेले चालतात, डोक्याच्या त्वचेवरचं नैसर्गिक तेल आग थोडी कमी करतं. आदल्या रात्री केसांच्या लांबीला खोबरेल तेल लावून ठेवण्याची पद्धत मला पटते. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना, हाताळताना केसातून होणारी प्रथिनांची गळती कमी करतं. सूर्यफुलाचं किंवा खनिज तेल तसं करत नाही. बाजारात केसांचे बंध जपणारी उत्पादनंही मिळतात. ओलाप्लेक्स 2014 मध्ये आलं तेव्हापासून ती घराघरात पोहोचली आहेत. ब्लीचमध्ये मिसळायचं उत्पादन असेल तर उजळणं थोडं मंदावतं. अशा वेळी डेव्हलपर तीव्र करू नका, बैठकीची संख्या वाढवा.

केसांचे चार भाग करा, मागून सुरुवात करा, आणि बटा इतक्या पातळ घ्या की आरपार उजेड दिसेल. 'काही ठिकाणी नारिंगी, काही ठिकाणी पिवळे' या तक्रारीचं सगळ्यात साधं कारण म्हणजे जाड बटा आणि कमी ब्लीच. बट दोन्ही बाजूंनी पूर्ण भिजलेली दिसली पाहिजे. इथे हात आखडता घेऊ नका. दुसरं साधं कारण म्हणजे ब्लीच सुकणं. सुकलेलं ब्लीच काम करत नाही, फक्त केसावर बसून राहतं. म्हणून लावून झालं की केसांवर प्लॅस्टिकची टोपी किंवा पातळ प्लॅस्टिक सैलसर गुंडाळा. ड्रायरने गरम हवा मात्र मारू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं: मुळं शेवटी. डोक्याच्या उबेमुळे मुळाजवळचे केस लांबीपेक्षा बरेच लवकर उजळतात. मुळापासून टोकापर्यंत एकदम ब्लीच फिरवलं तर मुळं पिवळी होऊन बसतात आणि लांबी नारिंगीच राहते. हाच तो पट्टा. पहिल्यांदा करताना मुळाशी दोन-अडीच सेंटीमीटर सोडा, आधी मधला भाग आणि टोकं करा. टोकं आधीच कमजोर असतील तर तीही थोडी उशिरा. लांबी नारिंगीच्या पुढे सरकली की मग मुळांना ताजं ब्लीच लावा. कपाळावरचे आणि कानाजवळचे बारीक केस सगळ्यात शेवटी, ते पटकन उजळतात.

पाकिटावर दिलेल्या कमाल वेळेच्या पुढे एक मिनिटही नाही. त्या वेळेत केस नारिंगी राहिले तर राहू द्या. आजचं काम तिथे संपलं. डोक्याला जळजळ असह्य झाली तर वेळ न पाहता लगेच धुवा. कोमट पाण्याने भरपूर धुऊन शाम्पू करा, मिश्रणाचा अंश केसात राहता कामा नये. नंतर आम्लधर्मी कंडिशनर लावा. ब्लीचचा पीएच 10 च्या आसपास असतो आणि त्याने केसाचे खवले उघडे पडतात. आम्लधर्मी कंडिशनरने ते पुन्हा बसायला मदत होते.

पिवळा पट्टा आलाच असेल तर

सगळ्या डोक्याला पुन्हा ब्लीच लावून पट्टा जात नाही. उजळ भाग आणखी उजळतो आणि तुटतो, गडद भाग त्याच्या मागेच राहतो. फक्त गडद राहिलेल्या भागावर, ब्रशच्या टोकाने, 20 व्हॉल्यूमने काम करा आणि वर-खालच्या उजळ केसांना जाड कंडिशनर चोपडून ठेवा म्हणजे ब्लीच तिकडे पसरलं तरी लगेच धरणार नाही. हे काम आरशात एकट्याने करणं खरंच कठीण आहे, कोणाला तरी मदतीला घ्या.

मुळं फार उजळली असतील तर दुसरा, जास्त सुरक्षित मार्ग आहे: मुळांना लांबीपेक्षा एक-दोन लेव्हल गडद टोनर लावायचा आणि खाली कंगव्याने विरवायचा. पट्टा लपतो, नव्या केसांची वाढ उठून दिसत नाही आणि केसांना एका ब्लीचचा ताण कमी पडतो. घरी करणाऱ्यांसाठी मला हा उपाय सगळ्यात शहाणा वाटतो. मुळापासून टोकापर्यंत एकसारखा फिकट रंग हवाच असा आग्रह नसेल तर याच्याइतका सोपा मार्ग नाही.

टोनर टिकत नाही, मळकट होतो, हिरवा होतो

रंगचक्रात जांभळा पिवळ्याच्या समोर असतो आणि निळा नारिंगीच्या समोर. समोरासमोरचे रंग एकमेकांना शमवतात. म्हणून पिवळ्या केसांना जांभळ्या पायाचा टोनर, नारिंगी केसांना निळ्या पायाचा. उलट केलं की गोंधळ होतो. स्वच्छ पिवळ्या केसांवर निळा टोनर लावला तर केस हिरवट होतात, शाळेत रंग मिसळताना होतं तेच. नारिंगी केसांवर जांभळा टोनर लावला तर जवळपास काहीच होत नाही, केस फक्त निस्तेज दिसतात.

टोनर टिकत नसेल तर बहुतेक वेळा खालची लेव्हल कमी असते. नारिंगी झाकायला लागणारा निळा थर उतरला की नारिंगी दिसणारच. 9 वर नेलेल्या केसांचा टोनर उतरला तरी खाली फिकट पिवळा असतो, तो तितका बोचत नाही. साधारणपणे टोनर चार ते सहा आठवडे टिकतो, रोज शाम्पू करणाऱ्यांचा त्याहून कमी.

टोकं राखाडी किंवा जांभळी होऊन मधले केस पिवळेच राहिले, तर टोकं सच्छिद्र झालेली आहेत. ती रंग पटकन शोषतात. पुढच्या वेळी टोनर आधी मधल्या भागाला लावा आणि टोकांना शेवटची काही मिनिटंच द्या. दर दोन-तीन मिनिटांनी एक बट पुसून पाहत राहा. झालेली जांभळट छटा एक-दोनदा साध्या, जरा कडक शाम्पूने धुतल्यावर उतरते.

जांभळा शाम्पू हे रोजचं औषध नव्हे. तो केस उजळवत नाही, फक्त वरवर जांभळा रंग ठेवतो. आठवड्यातून एकदा पुरतो. सारखा वापरला तर केस मंद, करडे आणि पूर्वीपेक्षा गडद दिसायला लागतात, आणि लोकांना वाटतं रंग खराब झाला.

केस तुटायला लागले

ब्लीच केसाच्या पृष्ठावरचा स्निग्ध थर काढून टाकतं, त्यामुळे केस खडबडीत होतात आणि एकमेकांत अडकतात. आत, केसाला बळ देणारे गंधकाचे बंध ऑक्सिडीकरणाने मोडतात. पहिल्या प्रकारचं नुकसान कंडिशनर बऱ्यापैकी झाकतो. दुसऱ्या प्रकारचं पूर्ण भरून येत नाही. केस ही मृत रचना आहे, ती त्वचेसारखी स्वतःहून बरी होत नाही.

कोरडे, कडक, वाकवल्यावर मोडणारे केस असतील तर त्यांना ओलावा आणि स्निग्धता हवी: दर धुण्याला कंडिशनर, आठवड्यातून एकदा मास्क, ओल्या केसांना थोडं तेल किंवा सिरम. ओले असताना चिकट, लिबलिबीत, ताणल्यावर परत न येणारे केस असतील तर प्रथिनयुक्त उपचार घ्या आणि ब्लीचला पूर्ण रजा द्या. दर धुण्याला प्रथिनं लावली तर केस पुन्हा कडक होऊन मोडतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांतून एकदा एवढं पुरे. फारच लिबलिबीत झालेली टोकं कापणं हाच उपाय आहे. ती राखायला गेलं की तूट वर चढत जाते.

ओले केस सगळ्यात नाजूक असतात. विरळ दातांचा कंगवा, टोकांकडून वर गुंता सोडवणं, टॉवेलने घासण्याऐवजी दाबून पाणी टिपणं, हे रोजचं पाळलं तर महागड्या मास्कपेक्षा जास्त केस वाचतात. स्ट्रेटनर, कर्लर शक्यतो बंदच. वापरायचेच असतील तर केस पूर्ण सुकल्यावर, कमी तापमानावर आणि उष्णतेपासून जपणारं काहीतरी लावून. उन्हानेही फिकट केस पिवळे पडतात आणि कमकुवत होतात, बाहेर पडताना डोकं झाकलेलं बरं.

नुकसान नाही म्हणून सुचवले जाणारे घरगुती उपाय

लिंबाचा रस लावून उन्हात बसल्याने गडद केस फिकट सोनेरी होत नाहीत. थोडे तांबूस होतात आणि खूप कोरडे. वर लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे डाग उठू शकतात. कॅमोमाइलचा काढा आधीच सोनेरी असलेल्या केसांना किंचित ऊबदार छटा देतो, त्यापुढे काही नाही. जखमेवर लावायचं 3% पेरॉक्साइड रोज फवारत राहिलं तर केस नारिंगीवर येऊन थांबतात, आणि किती क्रिया झाली यावर कोणाचंच नियंत्रण राहत नाही. बेकिंग सोडा केसांचे खवले उघडतो, उजळवत काहीच नाही. कपड्यांचं किंवा फरशीचं ब्लीच तर केसांच्या जवळही नेऊ नका. त्यातलं सोडियम हायपोक्लोराइट केस अक्षरशः विरघळवतं, आणि ते अमोनिया असलेल्या केसांच्या रंगाशी मिसळलं तर विषारी वायू तयार होतो.

नुकसान कमी ठेवायचं असेल तर योग्य ब्लीच, कमी तीव्रता आणि पुरेसं अंतर, एवढंच खरं. अनेक वर्षं काळा रंग लावलेले केस, मेंदीवर नीळ, चाचणीत तापलेली बट किंवा आधीच लिबलिबीत झालेली लांबी, यांतलं काहीही असेल तर घरी हात घालू नका. अनुभवी केशकाराकडे जा आणि केसांवर आजवर लावलेलं सगळं त्यांना सांगा. लपवलेली मेंदी त्यांच्या खुर्चीतही तितकाच घात करते.

पुढे मुळं वाढली की

हा प्रश्न दर दीड-दोन महिन्यांनी येणार. नवे केस दीड-दोन सेंटीमीटर झाले की मुळं करून घ्या, फार थांबू नका. डोक्याची ऊब साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत पोहोचते. चार सेंटीमीटर वाढू दिलं तर डोक्याजवळचा भाग पिवळा, त्यापुढचा नारिंगी आणि मग जुना फिकट भाग, असे तीन रंग दिसतात. इतका उशीर झालाच असेल तर डोक्यापासून दूरच्या नव्या केसांना आधी आणि मुळाला मागाहून ब्लीच लावा, पहिल्या वेळी केलं तसंच.

ब्लीच फक्त नव्या केसांवर. जुन्या उजळ केसांवर ते काही मिलीमीटरही चढलं की तिथे दुप्पट क्रिया होते, आणि दोन-चार वेळा असं झालं की केस बरोबर त्या रेषेवर तुटतात, म्हणून त्या रेषेखाली कंडिशनरचा जाड थर द्या. मुळं लेव्हल 9 ला आली, पुसून खात्री केली, धुतली, की टोनर आधी मुळांना लावा आणि लांबीवर फक्त शेवटची पाच मिनिटं ओढून घ्या. लांबीला दरवेळी पूर्ण टोनरची गरज नसते.